हिमनदी बघायला कशाला जायचं?

(मराठवाड्यातल्या महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या बोलण्याला ‘गंगोत्री-गोमुख यात्रा : एक अनुभव’ असं नाव दिलंय. त्यातला ‘यात्रा’ हा शब्द मी आधी खोडते. आम्ही यात्रेला गेलो नव्हतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून आम्ही अकरा जणी निघालो आणि गंगोत्रीहून गोमुखाकडे चालत गेलो, ते हिमनदी बघायला. नुसती बघायला. हे ‘नुसती’ मी मुद्दाम म्हणतेय, कारण सगळं भांडण त्या एका शब्दावरून झालं.

आधी हिमनदी म्हणजे काय ते सांगते. उंच डोंगरात पडलेला बर्फ वितळायच्या आत त्याच्यावर पुढचा पडतो. वर्षानुवर्षं असं होत गेलं की खालचा बर्फ दबून दगडासारखा घट्ट होतो आणि स्वतःच्याच भारानं उताराकडे सरकायला लागतो, डोळ्यांना कळणार नाही इतका हळू. गंगोत्रीची हिमनदी साधारण तीस किलोमीटर लांब आहे. तिचं खालचं टोक म्हणजे गोमुख. तिथून जे पाणी बाहेर पडतं ती भागीरथी. देवप्रयागला तिला अलकनंदा मिळाली की पुढे तिला गंगा म्हणतात. गोमुख सुमारे चार हजार मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवायची आणि तिच्यावर आणखी जवळजवळ अर्धी.

आता भांडण. पहिलं भांडण संघटनेतच झालं. पोटगीच्या केसेस पडल्यात, ऊसतोडीला गेलेल्या बायकांच्या मुलांचे प्रश्न आहेत, टँकरच्या रांगा आहेत, आणि तुम्ही बर्फ बघायला जाणार? एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, “ही मध्यमवर्गीय चैन आहे.” मी त्यांना मानते, पण या बाबतीत त्यांचं मला पटलं नाही. आमच्या गटात दोन अंगणवाडी सेविका, एक भाजीवाली, एक शिक्षिका, दोघी ऊसतोडीला जाणाऱ्या, एक शिवणकाम करणारी, तीन शेतमजूर आणि मी. यातली मध्यमवर्गीय कोण ते तुम्हीच ठरवा. दर महिन्याला पाचशे रुपये, अशी आम्ही दोन वर्षं भिशी लावली. एकीनंही नवऱ्याकडे पैसे मागितले नाहीत, ही आमची पहिली अट होती.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा आम्हाला कुटुंब, आरोग्य, समुदाय संघटन, सगळं शिकवलं. बाईची फुरसत असा विषय काही नव्हता. २०१९ साली सरकारनंच देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात निघालं की घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. तेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची सरासरी. असे पुरुष शंभरात सव्वीस. बाकी चौऱ्याहत्तरांच्या खात्यावर शून्य. ही २९९ मिनिटं कुठून तरी येतात ना? ती झोपेतून येतात, आणि नुसतं बघण्याच्या वेळातून येतात. आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईला मी विचारते, तुला काय बघायला आवडतं? ती गोंधळते. तिला वाटतं मी टीव्हीबद्दल विचारतेय.

दुसरं भांडण घरोघरी. तिथं बायकांनी माझ्यापेक्षा जास्त हुशारी दाखवली. ‘हिमनदी बघायला जाते’ म्हटलं असतं तर डोक्यावर परिणाम झालाय म्हणाले असते. म्हणून दहापैकी आठ जणींनी घरी सांगितलं, “गंगोत्रीला चाललेय.” देवाचं नाव निघालं की परवानगी मिळते. एवढंच नाही, सासूबाईंनी गंगाजलासाठी बाटली दिली, शेजारणींनी दिल्या. अकरा जणींकडे मिळून सव्वीस रिकाम्या बाटल्या झाल्या! यावर मी नाराज होते. आपण खोटं का बोलायचं, हक्कानं का नाही जायचं, असा माझा मुद्दा. आमच्यातली सर्वांत मोठी, एकसष्ट वर्षांची आक्का, तिनं मला गप्प केलं. म्हणाली, “ताई, वारीला जाणाऱ्या सगळ्याच बाया काय इठ्ठलासाठीच जातात व्हय? पंधरा दिस चूल नाही, म्हणून बी जातात.” आपण चळवळीत धर्माकडे बघतो ते बंधन म्हणून, आणि ते खरंच आहे. पण बायकांनी त्या बंधनातच एक दार कोरून ठेवलंय, तेही खरं आहे.

तयारी सहा महिने चालली. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यानं चालायचं. पहिल्या आठवड्यात विचारणा झाली, कुठं निघाल्या सगळ्या? डबा घेऊन पहाटे जाणारी बाई कुणाच्या डोळ्यांत येत नाही, कारण ती झाडाआड निघालेली असते. काही हातात नसताना, काही कारण नसताना चालणारी बाई मात्र सगळ्यांना दिसते. एकीच्या नवऱ्यानं दोनदा मागून मोटरसायकल आणून खात्री केली. करू दे. तिसऱ्यांदा त्याला कंटाळा आला.

मग डॉक्टरांकडे तपासणी. अकरातल्या सहा जणींचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली. त्यात आमच्या दोन्ही अंगणवाडी सेविका होत्या, ज्या लोहाच्या गोळ्या गावभर वाटतात! डॉक्टर म्हणाले, या रक्तावर चार हजार मीटरला जाता येणार नाही. आणि मैत्रिणींनो, ज्या गोळ्या वर्षानुवर्षं डब्यात पडून असतात त्या या बायकांनी चार महिने न चुकता घेतल्या. ‘बाळासाठी घे’, ‘घरासाठी तब्येत सांभाळ’, हे सगळं सांगून झालेलं होतं. स्वतःला कुठं तरी जायचंय म्हणून गोळी घ्यायची, हे पहिल्यांदा घडलं. आरोग्यावर काम करणाऱ्या गटांनी याचा विचार करावा.

आमच्यातल्या दोघींची पिशवी काढलेली होती, तिशीतच. का काढली, कशी काढली, ते या जिल्ह्यात मी तुम्हाला सांगायला नको. त्या दोघींना सगळे विचारत, तुला झेपेल का? उसाची मोळी उचलताना हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता.

कळसूबाईला आम्ही सरावासाठी गेलो. तिची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, ती अट घालून : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस पाटलानं नेमकी तीच कामं सांगितली, तेव्हा ती उठली आणि डोंगरावर जाऊन राहिली. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच डोंगराला तिचं नाव आहे. आमच्यातल्या भाजीवालीनं शिखरावर बसून विचारलं, “मग तिनं वर गेल्यावर सैपाक केला का नाय?” उत्तर कुणालाच आलं नाही.

हरिद्वारपर्यंत रेल्वेनं, पुढे जीपनं उत्तरकाशी. बचेंद्री पाल याच जिल्ह्यातल्या नाकुरी गावची. एम.ए., बी.एड. झाल्यावर मुलीनं शाळेत नोकरी करावी असं घरच्यांचं म्हणणं, आणि ती उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत दाखल झाली. १९८४ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचणारी पहिली भारतीय स्त्री. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्याच उत्तरकाशीत अर्थशास्त्र शिकवणाऱ्या हर्षवंती बिष्ट यांचं नाव आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याविषयी मी पुढे सांगते, कारण त्यांचं काम वाटेवर दिसतं.

गंगोत्रीला, म्हणजे साधारण तीन हजार मीटरवर, दोन रात्री राहिलो. उंचीची सवय होऊ द्यावी लागते. तिथं आमच्यातल्या एकीची पाळी आली. तिनं पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. यात्रेला जाताना आपल्याकडे सर्रास घेतात. पण रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास ज्यांना आहे किंवा होऊ शकतो, त्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हे इथंच सांगून ठेवते. तर ती सवयीनं देवळाच्या पायरीशी थांबली. कुणी अडवलं नव्हतं, तीच थांबली. मी काही बोलले नाही. तीच बाई तिसऱ्या दिवशी खुद्द गंगेच्या उगमाशी उभी होती. तिथं विचारायला कोणी पुजारी नव्हता.

गंगोत्रीपासून गोमुख अठरा किलोमीटर. वनखात्याचा परवाना लागतो. दिवसाला दीडशे माणसांनाच जाऊ देतात. दोनेक किलोमीटरवर राष्ट्रीय उद्यानाचं नाकं आहे, तिथं परवाने आणि पिशव्या तपासतात. नऊ किलोमीटरवर चीडबासा, तिथं चिडाची, म्हणजे पाइनची, झाडं. चौदाव्या किलोमीटरवर भोजबासा. तिथं मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढचे चार किलोमीटर जाऊन परतायचं.

वाट अरुंद, पण नीट बांधलेली. उजवीकडे खोल भागीरथी, समोर भागीरथी शिखरं. हे वर्णन प्रवासाच्या पुस्तकांत तुम्हाला मिळेल. जे मिळत नाही ते सांगते. त्या चौदा किलोमीटरमध्ये बाईला धड बसता येईल अशी जागा जवळजवळ नाही. मग बायका काय करतात? आयुष्यभर जे करत आल्या तेच, पाणी पीत नाहीत. एस.टी.च्या प्रवासात, लग्नात, रोजंदारीवर, सगळीकडे आपण हेच करतो. पण उंचावर अंगातलं पाणी कमी पडलं की डोकेदुखी, मळमळ आणखी वाढते. म्हणून आम्ही नियम केला : दर तासाला सगळ्यांनी मोजून पाणी प्यायचं, आणि ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी दोघींनी शाल धरायची. एका ठिकाणी चार पुरुष मागून आले, तेव्हा शाल धरलेली आमची शिवणकामवाली ओरडली, “ठहरो! यहाँ काम चालू है.” ते बिचारे ठहरले.

सामान उचलायला दोन नेपाळी मजूर घेतले होते. यावर आदल्या रात्री मोठी चर्चा झाली. आपण मजूर बाया, आपलं ओझं दुसऱ्या मजुरानं का वाहायचं? शेवटी असं ठरलं की माणशी किती किलो ते आपण वजन करून द्यायचं, मजुरी आधी बोलायची आणि जेवायला बरोबर बसायचं. सकाळी पाठ मोकळी झाल्यावर ऊसतोडीची एक बाई चालता चालता थांबली आणि म्हणाली, “हात कुठं ठेवायचे तेच कळंना.” डोक्यावर, कडेवर, हातात काही नसताना ती आयुष्यात इतकं चालली नव्हती. त्या दोघांतला एक जण सांगत होता की त्याची बायको नेपाळात गावी शेती बघते, गवत आणते, लाकूड आणते. म्हणजे त्याचं ओझं आम्ही दिलेलं, आणि त्याच्या घरचं ओझं तिच्यावर. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

भोजबासाला संध्याकाळी एकीला उलट्या सुरू झाल्या, डोकं फुटायला लागलं. उंचीच्या आजाराला एकच नियम : बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही, वाढत गेलं तर खाली उतरायचं. रात्र काढली. सकाळी तिला खाली न्यायचं ठरलं. बरोबर कोण जाणार? मी प्रश्न विचारायचा अवकाश, चार हात वर! “मी जाते की, माझं काय, मी बघितल्यासारखंच आहे.” कालपर्यंत ज्या बायका नवऱ्याशी, सासूशी, संघटनेशी भांडून इथवर आल्या, त्या चार किलोमीटर आधी आपलं बघणं सोडून द्यायला एका क्षणात तयार झाल्या. हे पाहून मला गहिवरून यायला हवं होतं. मला राग आला. आपल्याला सोडून द्यायची किती घाई असते! मी म्हटलं, त्याग नको, चिठ्ठ्या टाकू. माझ्यासकट सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. शिक्षिकेची निघाली. ती एका मजुराला घेऊन आजारी मैत्रिणीबरोबर खाली उतरली. तिनं उसनं हसू आणलं नाही, तोंड पाडूनच गेली, आणि ते मला फार बरं वाटलं. खाली पोचल्यावर आजारी मैत्रीण दोन तासांत ठीक झाली.

आम्ही नऊ जणी पुढे गेलो.

भोजबासा म्हणजे भोजपत्राच्या झाडांची वस्ती. नावात झाडं आहेत, जमिनीवर फारशी उरलेली नव्हती. यात्रेकरू, आश्रम, ढाबे, गिर्यारोहण मोहिमा, सगळ्यांच्या चुलींत ती गेली. आपण गंगामाईच्या दर्शनाला जायचं आणि तिच्या उशाशी वाढलेलं रान जाळून चहा करायचा! इथं हर्षवंती बिष्ट येतात. १९८१ साली नंदादेवीच्या मुख्य शिखरावर चढलेल्या तीन भारतीय बायकांपैकी त्या एक. अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढची शिखरं खुणावत असताना त्यांनी १९८९ पासून गंगोत्री वाचवण्याचं काम हाती घेतलं, चीडबाशाला रोपवाटिका केली आणि भोजबाशाला भोजपत्राची रोपं लावली. या उंचीवर झाड वाढायला किती वर्षं लागतात याचा अंदाज आपल्याला येणार नाही. २०२१ साली त्या भारतीय गिर्यारोहण महासंघाच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या महिला अध्यक्ष. शिखरावर झेंडा लावलेल्या बाईचा फोटो छापतात. रोपाला पाणी घालणाऱ्या बाईचा छापत नाहीत.

आता हिमनदी. आमच्या सगळ्यांच्या मनात कॅलेंडरवरचं चित्र होतं, पांढरंशुभ्र. प्रत्यक्षात समोर आलं ते एक करडं, काळपट, दगडगोट्यांनी भरलेलं प्रचंड ढिगार. “ही तर खडीची खाण,” भाजीवाली म्हणाली. बर्फावर डोंगराचा सगळा ढिगारा येऊन पडलेला असतो, त्यामुळे वरून बर्फ दिसतच नाही. जिथं टोक तुटलेलं आहे तिथं मात्र आत निळसर हिरवी भिंत दिसते, आणि तिच्या बुडातून राखेच्या रंगाचं पाणी आदळत बाहेर येतं. आवाज असा की शेजारणीशी ओरडून बोलावं लागतं. मधूनच बर्फ तडकतो, खडे घरंगळतात. जवळ जायचं नाही, हे वाटाड्यानं निक्षून सांगितलं होतं. २०१६ च्या जुलैमध्ये या मुखाचा मोठा तुकडा कोसळला होता. तरी दोघे-तिघे पुरुष अगदी कडेला जाऊन फोटो काढत होतेच.

वाटाडा चाळिशीचा, उत्तरकाशीकडचा. त्यानं मागे हात करून एक मोठा दगड दाखवला. म्हणाला, मी लहानपणी वडिलांबरोबर आलो तेव्हा बर्फ तिथवर होता. आम्ही त्या दगडापासून बरंच चालून आलो होतो. १९३५ पासून या टोकाच्या मोजण्या झाल्या आहेत. पहिल्या साठ वर्षांत ते एक किलोमीटरहून जास्त मागे गेलं, आणि अजून जातंय. त्या मागे सरकण्यात ना आक्काचा हात आहे ना त्या मजुराचा. आक्काच्या घरात एक बल्ब आणि एक पंखा आहे.

आक्का एका धोंड्यावर बसून तासभर पाण्याकडे बघत होती. तिच्या गावात एप्रिलपासून टँकर. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं पाणी शेंदलंय, नाही तर रांगेत उभी राहिलीय. मला वाटलं ती गंगेला हात जोडेल. ती म्हणाली, “एवढं पाणी, आन् कुणी भरायला न्हाई.” मग बऱ्याच वेळानं, “मला काय करायचं न्हाई आता इथं. निस्तं बसायचंय.” आणि ती बसली. दुपारनंतर वारा सुटतो म्हणून वाटाडा घाई करत होता. त्याला मी अर्धा तास थांबवलं.

परतीच्या वाटेवर आम्ही मुखबा गावात एका बाईच्या घरी दोन रात्री राहिलो. गंगोत्रीच्या वीसेक किलोमीटर अलीकडे धराली, आणि नदीच्या पलीकडच्या अंगाला मुखबा. सफरचंदाच्या बागा, राजमा, जुनी लाकडी घरं. हिवाळ्यात गंगोत्रीचं देऊळ बंद होतं तेव्हा गंगेची डोली इथं आणतात. मुखबा हे गंगेचं माहेर. दिवाळीला मुलगी येते, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परत जाते. सहा महिने माहेरपण! आमच्या घरमालकीणबाईंना विचारलं, दीदी, तुम्ही माहेरी कधी गेला होतात? त्या हसल्या. खालच्याच एका गावात माहेर, दोन वर्षं झाली होती. गोमुखाला? कधीच नाही. चाळीस किलोमीटरवर हिमनदी, तिच्या पाण्यावर शेत, आणि पंचेचाळीस वर्षांत बघितली नाही. त्या म्हणाल्या, गाईला गवत कोण आणेल? जगभरचे साधू, शास्त्रज्ञ, गिर्यारोहक तिच्या दारावरून वर जातात. ती त्यांना रोट्या करून देते.

माहेर हा शब्द त्या डोंगरात आणखी एका बाईनं वापरला होता. चमोली जिल्ह्यातल्या रेणी गावची गौरा देवी. २६ मार्च १९७४, गावातले पुरुष नुकसानभरपाईसाठी बाहेर गेलेले, ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली, आणि गौरा देवी सत्तावीस बायका-मुलींना घेऊन आडवी उभी राहिली. जंगल आमचं माहेर आहे, असं तिनं त्या माणसांना समजावलं. चिपकोची ही गोष्ट आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. पण पुढचं सांगत नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला त्याच रेणीच्या वर खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा सुटला, ऋषिगंगेला लोंढा आला, दोन वीजप्रकल्प त्यात सापडले आणि दोनशेवर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, बहुतेक मजूर. गावाची जमीन खचायला लागली. त्याच वर्षी गौरा देवीचा पुतळासुद्धा गावातून हलवावा लागला.

शहरातले पर्यावरणवादी मित्र यावरून म्हणतात की डोंगरात रस्ता नको, काहीच नको. मुखब्याच्या दीदींना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, बाळंतीण अडली तर उत्तरकाशीपर्यंत न्यावी लागते, रस्ता कसा नको? पण रस्ता हवा म्हणजे देवदार पाडून रुंद हमरस्ता हवा असं नाही. आम्हाला इथं डॉक्टर हवा, तो कोणी देत नाही, रस्ता मात्र मोठा करतात. भागीरथीवरचे वरच्या अंगाचे तीन वीजप्रकल्प २०१० मध्ये बंद झाले, २०१२ मध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा पट्टा संवेदनशील म्हणून जाहीर झाला. मी विचारलं, तेव्हा गावच्या बायकांना कुणी विचारलं होतं का? प्रकल्प सुरू करतानाही नाही आणि बंद करतानाही नाही, त्या म्हणाल्या.

५ ऑगस्ट २०२५ ला दुपारी खीरगंगेतून चिखलाचा आणि दगडांचा लोंढा आला आणि समोरची धराली काही सेकंदांत गाडली गेली. तुम्ही ती चित्रफीत पाहिली असेल. पलीकडून, मुखब्याच्या बाजूनं, माणसं शिट्ट्या मारतायत, ओरडतायत, पळा पळा, ते तिच्यात ऐकू येतं. जिथं आम्ही चहा प्यायलो होतो ती टपरी, ती सगळी हॉटेलांची रांग, ओढ्यानंच पूर्वी आणून टाकलेल्या गाळावर उभी होती. दीदींचा फोन चार दिवसांनी लागला. त्या गवताला गेलेल्या असताना वरून त्यांनी बघितलं. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगायला सुरुवात केली, की धरालीतल्या त्यांच्या मैत्रिणीचं घर गेलं, बाग गेली. घर नवऱ्याच्या नावावर, बाग सासऱ्यांच्या, हॉटेलचा कागद दिराच्या. पंचवीस वर्षं तिथं राबलेल्या बाईचं गेलं किती, तर कागदावर काहीच नाही. २०२१ मध्ये उत्तराखंड सरकारनं वडिलोपार्जित जमिनीत पत्नीला सहमालकी देणारी दुरुस्ती केली खरी. आपल्याकडे शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, ती तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. कायदा झाल्यावर सातबाऱ्यावर नाव चढायला काय करावं लागतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आमच्या केंद्रातर्फे अर्जांचे नमुने आणि अनुभवाची टिपणं हिंदीत करून आम्ही दीदींना पाठवली. गावातल्या आठ-दहा जणी आता दर पंधरवड्याला बसतात.

त्यांनी बैठकीत पहिला ठराव केला तो वेगळाच. जमिनीचा नाही. पुढच्या सप्टेंबरला आळीपाळीनं एकमेकींच्या गाईंचं गवत आणायचं आणि सहा जणींनी गोमुखाला जाऊन यायचं. दीदींनी मला विचारलं, तुमच्या त्या दोघी राहिल्या होत्या ना, त्यांना पाठवता का?

तर आमची दुसरी भिशी जूनपासून सुरू आहे. यादीत पहिली दोन नावं शिक्षिकेचं आणि आजारी पडलेल्या मैत्रिणीचं. आणखी सात जागा आहेत. हप्ता पाचशेच, रक्ततपासणी सक्तीची, पैसे स्वतःच्या कमाईचे हवेत. घरी काय सांगून यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. जेवणानंतर मी मागच्या ओट्यावर वही घेऊन बसते.